चाकोरी

दरवाजा नवा आहे. रंग अजून हाताला लागतो.
केटल वॉशच्या तोंडाशी, जिथे जुनिपरची दोन झाडं
एकमेकांकडे पाठ करून उभी आहेत, तिथे.
मी जीप बंद केली. निवणारं इंजिन
बराच वेळ टिकटिकत राहिलं.

मार्चमध्ये सुनावणी. शाळेच्या जिममध्ये,
बास्केटबॉलच्या कड्याखाली लोखंडी खुर्च्या.
प्रश्न एकच: कायदा आला त्या सालाआधी
इथे गाडीरस्ता होता का?
होता म्हणणं पुरत नाही. दाखवा, म्हणतात.

ऑर्फा टटल उठली, वय अठ्ठ्याऐंशी.
"नऊ वर्षांची होते. पिठाच्या पोत्यावर बसवून
बापाने स्टीअरिंग हातात दिलं.
खाणीपर्यंत नेला मी ट्रक. पहिल्या उतारावर डोळे मिटले होते."
मागे कुणीतरी हसलं.
"लिहून घे पोरी. डोळे मिटूनही चुकला नाही,
इतका तो रस्ता होता."

पोरगी म्हणजे मरीसा ओचोआ, जमीन-खात्याची.
नाक उन्हाने सोललेलं, पेन दातात.
ती वाईट नाही. हे आमच्यात मोठ्याने म्हणता येत नाही.
तिने पडद्यावर फोटो टाकला, विमानातून काढलेला,
पंच्याहत्तर सालचा. करड्यावर करडं,
आणि त्यात केसाएवढी एक रेघ,
वॉशपासून खाणीपर्यंत.

टाळ्या. डेल्मरने टोपी उडवली, ती कड्यात अडकली.
"थांबा," मरीसा म्हणाली. "ही गुरांची वाटही असू शकते."

मी रेघेकडे बघतच नव्हतो.
रेघेच्या उजवीकडे एक वर्तुळ होतं.

सतरा वर्षांचा होतो. भावाची जीप,
आदल्या रात्री पाऊस पडून गेलेला,
आणि समोर ती काळी, खरखरीत सपाटी, कुणाचीच नसल्यासारखी.
गरगर फिरवली. चारदा, पाचदा, पोटात ढवळेपर्यंत.
ती माती जिवंत असते, काळा पापुद्रा धरायला तिला
माणसाचं आयुष्य लागतं,
हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.
सांगितलं असतं तरी, खोटं कशाला बोलू,
फिरवलीच असती.

वर्तुळ अजून आहे तिथे. गवताची काडी नाही.

चाकोरीबाहेर पड, असं मुलांना सांगतात लोक, कौतुकाने.
मी नातवाला उलटं शिकवलं:
चाकं चाकोरीतच ठेव. दगड आला तर दगडावरून जा,
हळू, खालचा गिअर, पण वळसा नको.
वळशाचा रस्ता होतो,
रस्त्याचा दरवाजा.

"आणि हे गोल काय आहे? कुणाला ठाऊक?"
मी उठलो. गुडघा वाजला, तोही माइकवर ऐकू गेला.
"माझं आहे. चौऱ्याहत्तर, नोव्हेंबर.
दुसऱ्या दिवशी भाऊ सैन्यात गेला, म्हणून लक्षात आहे.
गुरं अशी गोल फिरत नाहीत, बाईसाहेब."
"म्हणजे तुम्ही गाडीने आलात, या रेघेवरून?"
"आलो रेघेवरून. गेलोही रेघेवरून.
मधली पाच मिनिटं तेवढी..."
ती थांबली. मी वाक्य पुरं केलं नाही.
तिने लिहून घेतलं, रस्ता आणि गुन्हा,
बहुधा एकाच ओळीत.

या वेळी टाळ्या झाल्या नाहीत.
डेल्मर टोपीसाठी शिडी शोधत होता.

निकाल यायचाय. शनिवारी आम्ही दरवाजापर्यंत जातो.
कुलपाला हात लावत नाही.
अलीकडच्या घळी बुजवतो, बाटल्या, काडतुसांच्या टोप्या वेचतो,
कुणी वळसा घातला असेल तिथे ओंडका आडवा टाकतो.
ऑर्फा गाडीतच बसते, काच खाली करून.
दरवाजापलीकडे रस्ता थोडा दिसतो, वळतो, मग दिसत नाही.

"गवत येतंय रे मधोमध," ती म्हणते.
तक्रार आहे की कौतुक, कळत नाही.

"चुकीच्या जागी," मी म्हणतो,
आणि फावडं उचलतो.